सहावा रजेवर आहे

वाऱ्याने उडालेलं एक झाड माझ्या केसांत येऊन अडकलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

थापा मारत नाहीये. झाड म्हणजे बोटाच्या पेराएवढं, पिळलेल्या तारेचं खोड आणि वर हिरव्या स्पंजचा भुगा. मी मुलाखतीला निघाले होते, हातात फाइल, डोक्यात पाठ केलेली उत्तरं. गल्लीच्या वळणावर समोरून एक माणूस दोन्ही हातांवर टेबलाएवढी फळी तोलत, तिरका तिरका, खेकड्यासारखा येत होता. फळीवर अख्खी वसाहत होती. घरं, रस्ते, दिव्यांचे खांब, आणि एक बाग. वरचं कापड वाऱ्याने कधीच उडवलं होतं. आता बागेची पाळी होती.

"हलू नका!" तो ओरडला.

मी जागच्या जागी थिजले.

"तुमच्या डोक्यावर... आमच्या बागेतलं झाड आहे."

"मग काढा की."

"हात मोकळे नाहीत हो. तुम्हीच काढा. हळू... खोडाला धरा, पानांना नको."

"आणि लावू कुठे? खिशात?"

"तळ्याच्या डाव्या बाजूला. बारीकसं भोक दिसेल."

मी वाकून झाड लावलं. तो श्वास रोखून झाडाकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर झाडाकडे बघायचं बहुतेक विसरलाच.

"सरळ लागलंय," तो म्हणाला.

"मी सगळं सरळच करते."

"दिसतंय..." असं म्हणत तो पुन्हा खेकड्यासारखा निघून गेला. गल्लीत टेंपो शिरत नसल्यामुळे ही वरात रोज पायीच निघते, हे मला नंतर कळलं.

त्याच गल्लीच्या टोकाला माझी मुलाखत होती. मालकीणबाई माझी प्रमाणपत्रं चाळत असताना दार उघडलं आणि तो रिकाम्या हातांनी आत आला. मला बघून म्हणाला, "अरे! बाई, माळीण ठेवताय का?"

माझी पाठ केलेली सगळी उत्तरं तिथेच उडाली. तरीही नोकरी मिळाली. संध्याकाळी घरी केस विंचरताना फणीत दुसरं एक झाड सापडलं. परत द्यायला हवं होतं, पण मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. का ठेवलं ते विचारू नका, त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं.

इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल हे गिऱ्हाइकाला दाखवायला लाकूड, पुठ्ठा आणि ॲक्रिलिकची मॉडेलं करायची, हे त्या कार्यशाळेचं काम. गिऱ्हाइकांशी बोलायला बाईंना कुणीतरी हवं होतं. मी संज्ञापनशास्त्र शिकले होते. म्हणजे माणसं एकमेकांशी कशी बोलतात आणि बोलता बोलता त्यांच्यात सगळ्यांचा मिळून एक अर्थ कसा तयार होतो, त्याचं शास्त्र. माझी आत्या याला 'बोलण्यात एम. ए.' म्हणते, आणि जे मला पाळण्यापासून येत होतं त्याची फी कशाला भरली, हे तिला अजून उमगलेलं नाही.

माणसं पाच. मालकीणबाई, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर राग. भिंती आणि छपरं करणारे सुतारकाका. रंगवणारी रंगताई. लेझर कटर चालवणारा पोरगेला माणूस, त्याला सगळे लेझरच म्हणत. आणि तो. झाडं करायचा म्हणून झाडवाला. माणसं पाच, पण खुंट्या सहा, कप सहा आणि खुर्च्याही सहा होत्या. मी रिकाम्या खुर्चीकडे वळले तर सुतारकाका गडबडीने म्हणाले, "तिथे नको, पोरी. ती सहाव्याची."

"ते आज आले नाहीत का?"

"येतो. बसतो. जातो," काकांनी पटाशी पुसत सांगितलं.

माझ्यासाठी शेजारून खुर्ची आली, आणि सहावं स्थान आधीच भरलेलं असल्यामुळे माझं नाव पडलं सातवी.

हा सहावा मला भलताच खटकायला लागला. खिडकी उलटी लागली तर म्हणे सहाव्याने लावली. गोंदाची बाटली उघडी राहिली, तर सहावा. चहाला त्याचा कप भरला जायचा आणि तो प्यायचा लेझर, 'तो म्हणाला तू घे' असं सांगून. शेवटी मी बाईंकडे गेले. "बाई, तक्रार म्हणून नाही, पण हे सहावे कधी दिसत नाहीत, आणि सगळ्या चुका त्यांच्याच. एकदा समोर बसवून समज तरी द्या."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागे काहीतरी धपकन पडलं. लेझर हसता हसता स्टुलावरून खाली आला होता.

मी तणतणत बाहेर पायरीवर जाऊन बसले. झाडवाला मागून आला आणि हातभर अंतर सोडून बसला.

"रागावलात?"

"नाही. मला वेड्यात काढून घ्यायला फार आवडतं."

"अहो, तुम्ही त्याची बाजू घेतलीत! समोर बसवा म्हणालात. आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सहावा फार भारावलाय." मग त्याने हकीकत सांगितली. पूर्वी एकदा चार मजली इमारतीच्या मॉडेलमध्ये जिनाच राहिला होता. गिऱ्हाईक म्हणालं, वर जायचं कसं? उडून? परतल्यावर बाई कडाडल्या, कोण विसरलं? सगळे मूग गिळून बसले. आता एकमेकांचे गळे धरायचे तेवढे बाकी होते. तेव्हा सुतारकाका शांतपणे म्हणाले, "सहावा विसरला." आणि आधी बाईच हसल्या.

"तेव्हापासून प्रत्येक मॉडेलमध्ये जिन्यापाशी त्याचा इवलासा पुतळा उभा असतो. पिवळा शर्ट. वर बघत."

आमचे सर वर्गात सांगायचे, चार माणसं एकाच गोष्टीवर एकत्र हसली की तिथे गट जन्माला येतो, नियम आणि पगार नंतर येतात. मी हे परीक्षेत अक्षर न बदलता लिहून मार्क मिळवले होते. खरं समजलं ते पोहण्याच्या तलावाचं मॉडेल करताना. लेझरने पिवळा शर्टवाला तलावाच्या अगदी काठावर ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथे नको. त्याला पोहता येत नाही."

सगळे थांबले. ब्रश थांबला, पटाशी थांबली. मग सुतारकाका उठले, काडेपेटीच्या काडीचे तुकडे केले आणि सहाव्याच्या पुढ्यात चिमुकला कठडा चिकटवला. "लहानपणी विहिरीत पडला होता," रंगताई म्हणाली, "तेव्हापासून पाण्याला घाबरतो."

त्या दिवशी मी त्यांची झाले. मी घातलेली भर त्यांनी उचलून पुढे नेली होती. सातवा कप त्याच संध्याकाळी आला.

आणि मग झाडवाल्याला वाटच सापडली.

"सहावा म्हणत होता, सातवीला निळा फार शोभतो."

"सहाव्याला सांगा, हा निळा नाही, जांभळा आहे."

"तो ऐकत नाही हो. हट्टी आहे."

"मग चष्मा करा म्हणावं."

"केला तर नजर हटणार नाही, म्हणतो..."

असं रोज. सहाव्याला वाटायचं मी उद्याही यावं, सहाव्याला माझं हसणं कामात अडथळा आणणारं वाटायचं, सहाव्याने माझ्यासाठी खिडकीजवळची जागा मोकळी केलेली असायची. झाडवाला तार पिळत, मान खाली घालून हे सगळं सांगायचा, आणि त्याचे कान मात्र लाल होत जायचे. मला ते कान आवडायचे. तारेला पीळ देताना ओठ दाबून धरायची त्याची सवय आवडायची. मला तो आवडायचा, आणि हे मी कुणाच्याही आडून म्हणत नाहीये.

पण मी एकदा सरळ विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं?" तर त्याची ततपप झाली. हातातलं झाड खाली पडलं. "मला...? मला म्हणजे... सहावा म्हणतो..." आणि तो स्पंज आणायला आत पळाला. बारा झाडांना पुरेल एवढा स्पंज त्याच्या टेबलावर होता.

तेवढ्यात वाचनालयाचं काम आलं. नव्या सार्वजनिक वाचनालयाचं मोठं मॉडेल, आतलं दालन उघडून दाखवणारं. ज्या मोठ्या कंपनीने ते काम दिलं, त्यांना माझं बोलणं पसंत पडलं आणि त्यांनी मला त्यांच्याकडे बोलावलं. पद चांगलं, काम माझ्या शिक्षणाचं, पण शहर दुसरं. मला ते हवं होतं. घरी आत्या म्हणाली, "जा. बोलण्याचा पगार देतायत, यांच्यासारखे भले लोक शोधून मिळायचे नाहीत."

जायचं हे मी ठरवलंच होतं. फक्त एक गोष्ट घेतल्याशिवाय जायचं नव्हतं, ती म्हणजे त्याच्या तोंडचं एक वाक्य. त्याचं, सहाव्याचं नव्हे. ते हो असो की नाही असो. मी हट्टी आहे, आणि या बाबतीत तर पुरती हट्टाला पेटले होते.

दुसऱ्या सकाळी मी भिंतीवरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सहावा रजेवर आहे.'

"कधीपर्यंत?" लेझरने घाबरून विचारलं.

"मॉडेल पोचेपर्यंत. आजपासून ज्याला जे म्हणायचंय ते त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं." मी झाडवाल्याकडे पाहिलं. तो फळ्याकडे बघत होता. एखाद्याची छत्री ओढून घ्यावी तसा चेहरा झाला होता त्याचा.

मला वाटलं होतं, मी एका माणसाची पळवाट बंद केली. झालं भलतंच. वाचनालयाच्या खुर्च्या-टेबलं कापून आली, ती मांडली, आणि रंगताई किंचाळली. दारं एकास शंभर प्रमाणात होती आणि खुर्च्या एकास पन्नास. दाराच्या मापाच्या वाचकाला खुर्चीवर चढायला शिडी लागली असती आणि खुर्चीच्या मापाच्या वाचकाला दारातून रांगत यावं लागलं असतं. एरवी काका एवढंच म्हणाले असते, सहाव्याने केलं, आणि सगळे हसून परत कामाला लागले असते. आता हसायला कुणी नव्हतं.

"कापलंस तू," काका लेझरवर खेकसले.

"मला जे आकडे दिले ते कापले! तुम्ही बघितलं का नाही?"

"मी दारं बघू की तुझी मशीन बघू?"

"भांडा, भांडा," रंगताईने ब्रश आपटला. "आणि रंग मी कशाला देऊ? राक्षसांच्या खुर्च्यांना?"

मग सगळे माझ्याकडे वळले. "बघ सातवे," काका म्हणाले, "काय केलंस ते."

माझा चेहरा पडला. मी ज्याला नुसती गंमत समजत होते, तो त्या घराचा वासा होता. कुणाचीही चूक असो, ती अंगावर घेणारा एक जण तिथे होता, म्हणून बाकीच्यांना एकमेकांकडे बघून हसता येत होतं. मी तो वासा काढला होता. फळा पुसून टाकावा असं मनात आलं. मी उठलेही...

"मी."

झाडवाला उभा होता. तारेचा तुकडा बोटांत घट्ट धरून.

"आकडे मी लिहून दिले. प्रमाण बघायला विसरलो. लेझरची चूक नाही, काकांची नाही. मी चुकलो."

आतून बाई आल्या. "चुकलास?"

"चुकलो."

"लक्ष कुठे होतं?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कान लाल झाले. "...दुसरीकडे."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि मी शपथेवर सांगते, चष्म्यामागे त्या हसल्या. "खुर्च्या परत कापा." काकांनी लाकूड पुढे ओढलं. लेझर मशीनकडे गेला. आकाश काही कोसळलं नाही. झाडवाला मात्र कितीतरी वेळ तसाच उभा होता, आपल्याच आवाजाने दचकल्यासारखा.

मला वाटलं, आता हा बोलेल. छे! मॉडेल पूर्ण झालं त्या दुपारी त्याने मला फक्त खुणेने बोलावलं. वाचनालयाच्या जिन्यापाशी पिवळा शर्टवाला नेहमीसारखा उभा होता. पण आज तो वर बघत नव्हता. त्याच्या शेजारी, नखाएवढ्या जांभळ्या पोशाखात, एक बाई उभी होती.

"जांभळाच आहे ना?" तो हळूच म्हणाला.

किती गोड होतं ते! क्षणभर मला वाटलं, पुरे झालं, यातच सगळं आलं. पण मी माझ्या मनाला ओळखते. पुढे दूर कुठेतरी बसून मी रोज स्वतःला विचारत राहिले असते, त्याने म्हटलं होतं, की मीच समजून घेतलं होतं?

मी चिमटा उचलला आणि जांभळी बाई अलगद सोडवून घेतली.

"अहो! काय करताय?"

"सहाव्याचं कळलं. त्याचे आभार मानते. ही मात्र माझी आहे, ही मी घेऊन जाते. तिला तिथे उभं करायचं तर कुणीतरी स्वतःच्या तोंडाने विचारायला हवं." आणि ती पर्समध्ये, त्या जुन्या झाडाशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॉडेल वाचनालयाच्या समितीकडे न्यायचं होतं. बाई पुढे जाऊन बसल्या होत्या, टेंपो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. फळी एवढी मोठी की दोघांनी धरावी लागली. एक टोक त्याच्याकडे, एक मी मागून घेतलं. सुतारकाका, रंगताई आणि लेझर खोकी घेऊन मागे होते. वळणावर आलो, तिथेच, जिथे माझ्या डोक्यावर झाड येऊन बसलं होतं. मी थांबले.

"काय झालं?" तो म्हणाला.

"मी नव्या नोकरीला होकार कळवलाय. सोमवारी जातेय. तुम्ही काहीही म्हणालात तरी जातेय, त्यामुळे माझं काही बिघडेल असं वाटून गप्प राहू नका. पण माझं एक वाक्य इथे राहिलंय. ते घेतल्याशिवाय ही फळी पुढे जाणार नाही."

"इथे? आत्ता? अहो, समिती..."

"समितीला चहा देतायत बाई."

"वारा सुटलाय, झाडं उडतील..."

"उडू देत. मला लावता येतात."

मागे एका स्कूटरने हॉर्न वाजवला. त्याचे दोन्ही हात अडकलेले, पळायला वाट नाही, पिळायला तार नाही. त्याने तोंड उघडलं. "सहावा..."

"रजेवर आहे."

"दादा, बोल की!" लेझर ओरडला.

"माझ्या गुडघ्यांचा तरी विचार कर रे," काका कण्हले.

त्याने डोळे मिटले. मग उघडले, आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. कान लालभडक.

"मला... मला तुम्ही... तू. मला तू आवडतेस. झाड लावलंस त्या दिवसापासून. आणि तो निळा नव्हता, जांभळाच होता, मला ठाऊक होतं. निळा म्हटलं की तू भांडायचीस, म्हणून म्हणायचो. आणि..." त्याने फळी सावरली. "तू जा. तुला जायलाच हवं. मी दर रविवारी येईन. मी येईन. त्याला नाही पाठवणार."

रंगताई मागे रडायलाच लागली. स्कूटरवाल्याने हॉर्न बंद केला होता, त्यालाही ऐकायचं होतं.

"फळी नीट धर," मी म्हटलं, कारण माझ्याच बाजूने ती कलली होती.

"आणि? तुझं काय?"

"माझं काय म्हणजे? तूच. मला तूच हवा आहेस. आता चल, समितीचा चहा संपला असेल."

समितीच्या दालनात आम्ही मॉडेल टेबलावर ठेवलं. सगळे वरचं कापड काढून घडी करण्यात गुंतलेले असताना मी पर्स उघडली. बागेच्या कोपऱ्यात, नकाशात मोकळ्या असलेल्या जागी, मी ते जुनं झाड लावलं, थोडं चपटं झालेलं पण सरळ. त्याच्याखाली जांभळी बाई उभी केली. सहाव्यापासून चांगली लांब. तो बिचारा पुन्हा जिन्याकडे बघत होता, आपल्या कामावर रुजू झाल्यासारखा.

समितीची माणसं आत आली. त्यांच्यापुढे चालत येणाऱ्या बाईंनी एकदा मॉडेलवर नजर फिरवली आणि थबकल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे कोपऱ्यातलं झाड नकाशात नाही. कुणी लावलं?"

लेझरने तोंड उघडलं. सुतारकाकांनी उघडलं, रंगताईने उघडलं. तिघांच्याही ओठांवर एकच नाव होतं, मला दिसत होतं. मी कबूल करायला पुढे झाले.

"मी लावलं," झाडवाला म्हणाला.

धडधडीत खोटं बोलत होता. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही, कान मात्र नेहमीसारखे लाल. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या जांभळ्या बाईकडे, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि समितीकडे वळल्या.

टेबलाआड त्याने माझा हात धरला. मी त्याला खोटं बोलू दिलं.